लाभांश तरुणांचा, वाटणी कोणाची?

गेली दोन-अडीच दशके विकसनशील देशांच्या राज्यकर्त्यांना एका शब्दाने भुरळ घातली आहे. 'लोकसंख्येचा लाभांश' हा तो शब्द. देशात तरुणांची संख्या मोठी, बालकांची आणि वृद्धांची त्या मानाने कमी. म्हणजे कमावणारे हात जास्त आणि परावलंबी तोंडे कमी. सबब राष्ट्राची भरभराट ठरलेलीच, असा हा सोपा हिशेब आहे. अर्थसंकल्पाच्या भाषणांत तो मांडला जातो, उद्योगपतींच्या परिषदांत त्यावर टाळ्या पडतात आणि विद्यापीठांच्या पदवीदान समारंभांत पाहुणे तोच हिशेब पुन्हा ऐकवतात. शब्द मात्र भांडवलाच्या बाजारातून उचललेला आहे, आणि आपले मूळ तो लपवीत नाही. लाभांश हा कष्ट करणाऱ्याला मिळत नसतो, भागधारकाला मिळत असतो. ज्या तरुणाच्या हातांवर हा लाभांश उभा राहावयाचा, त्या तरुणाचा या कंपनीत भाग किती, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता टळून चालली आहे.

टळून चालली आहे, कारण हा लाभांश कायमचा नाही. २०१८-१९ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनेच सांगितले होते की, काम करण्याच्या वयातील लोकांचे प्रमाण २०४१ च्या सुमारास कळसाला पोहोचेल आणि त्यानंतर ते उतरू लागेल. महाराष्ट्रासारख्या राज्यात तर जन्मदर केव्हाच घसरला आहे. आज वीस वर्षांचा असलेला तरुण २०४१ साली ऐन उमेदीच्या अखेरीस आलेला असेल. त्याची ही पंधरा वर्षे परीक्षेच्या रांगेत, कंत्राटदाराच्या हजेरीपत्रकावर किंवा गावच्या पारावर गेली, तर ती राष्ट्राच्या कोणत्याही खात्यात जमा होणार नाहीत. दुष्काळी मुलखात पावसाचे पाणी वाहून जावे, तशी ती वाहून जातील.

आकडे काय बोलतात?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ साली भारतातील रोजगारविषयक अहवाल प्रसिद्ध केला. देशातील एकूण बेकारांपैकी जवळजवळ ८३ टक्के तरुण आहेत, असे त्यात नोंदविले आहे. याहून गंभीर नोंद दुसरी आहे. बेकारांमध्ये सुशिक्षित तरुणांचा वाटा २००० साली ५४.२ टक्के होता, तो २०२२ साली ६५.७ टक्क्यांवर गेला. आईबापांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकून, आईच्या अंगावरचे सोने मोडून मुलांना शिकवावे, आणि जितके अधिक शिक्षण तितकी बेकारीची शक्यता अधिक, असा हा उफराटा न्याय आहे.

यावर शासनाचे उत्तर ठरलेले असते: बेकारी घटत आहे. शासकीय श्रमबळ पाहणीनुसार १५ ते २९ वयोगटातील बेकारीचे प्रमाण २०१७-१८ साली १७.८ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये १०.२ टक्क्यांवर आले, हे खरे. परंतु हे तरुण गेले कोठे, हे त्याच पाहणीत पाहावे. शेतीवर राबणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झाला. जगातील प्रत्येक देश औद्योगिक होत असताना माणसे शेतीतून कारखान्यांकडे गेली. भारत हा विकसित होत असल्याचा डंका पिटला जात असताना माणसे उलट दिशेने शेतीकडे परतली. घरच्या शेतात वा दुकानात विनामोबदला हातभार लावणाऱ्या स्त्रियांचीही गणना 'रोजगार असलेल्या' म्हणून होते. चार एकर कोरडवाहू जमिनीत जेथे दोन माणसांचे काम नाही तेथे पाच माणसे उभी राहिली, तर आकड्यात बेकारी कमी होते. चुलीवरची भाकरी मात्र तेवढीच राहते.

भरतीची रांग

महाराष्ट्रात या अवस्थेचे दर्शन घ्यावयाचे तर पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी या पेठांत जावे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेली हजारो मुले-मुली तेथील अभ्यासिकांत महिनेमहिने एका खुर्चीचे भाडे भरून बसलेली आहेत. एका खोलीत चार-पाच जण, दोन वेळची खानावळ, आणि जाहिरात निघण्याची वाट. जाहिरात निघाली तर परीक्षेची वाट, परीक्षा झाली तर निकालाची, निकाल लागला तर न्यायालयाची, आणि न्यायालयातून सुटका झाली तर नियुक्तिपत्राची. ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा आणि बँकांची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा एवढी साधी अडचण दूर करून घेण्यासाठी या मुलांना रस्त्यावर ठाण मांडून बसावे लागले. मग परीक्षा पुढे गेली. दोन कार्यालयांनी एकमेकांस एक पत्र धाडले असते तरी जे झाले असते, त्यासाठी शेकडो तरुणांना रात्री रस्त्यावर काढाव्या लागल्या.

२०२३ साली तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या वर्गासाठी अर्जाचे शुल्क एक हजार रुपये, राखीव वर्गासाठी नऊशे. ढोबळ हिशेब मांडला तरी नव्वद कोटी रुपयांच्या घरात रक्कम जाते. बेकारांकडून बेकारीचा कर गोळा करणारे राज्य असे याचे वर्णन केले तर ते अतिशयोक्त ठरू नये. २०२४ साली पोलीस दलातील १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. शिपाईपदाच्या त्या रांगेत अभियंतेही होते आणि पदव्युत्तर पदवीधरही होते.

आणि रांगेत उभे राहून तरी न्याय मिळतो काय? २०२१ साली आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटली. त्याच वर्षी डिसेंबरात म्हाडाची परीक्षा ऐन आदल्या रात्री रद्द झाली, तेव्हा परगावचे परीक्षार्थी एस.टी.त आणि रेल्वेत होते. शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन अपात्रांना पात्र ठरविल्याचे प्रकरण त्याच सुमारास उघडकीस आले. पुढे केंद्राने आणि राज्यानेही २०२४ मध्ये पेपरफुटीविरुद्ध कायदे केले. कायदे हवेतच. परंतु एका जागेमागे शेकडो उमेदवार असतील, तर त्या एका जागेचा काळाबाजार होणारच. टंचाई निर्माण करणाऱ्याने काळाबाजाराविरुद्ध प्रवचने द्यावीत, यासारखा दांभिकपणा नाही. रिक्त पदे भरावयाची नाहीत आणि खुल्या वर्गाची वयोमर्यादा मात्र ३८ वर्षांपर्यंत न्यावयाची, याचा अर्थ एवढाच की रांग हलत नाही म्हणून ती लांब करण्यात आली.

या रांगेत मुलीची स्थिती आणखी बिकट आहे, आणि तिची चर्चा चळवळीतही पुरेशी होत नाही. मुलाची परीक्षा वर्षभर पुढे गेली तर त्याचे वर्ष जाते. मुलीची परीक्षा वर्षभर पुढे गेली तर तिची संधीच जाते. वडिलांनी तिला दिलेली मुदत दोन वर्षांची असते, आणि ती आयोगाच्या वेळापत्रकाप्रमाणे नव्हे, सोयरिकीच्या बैठकीप्रमाणे संपते. भरतीचे वेळापत्रक पाळणे हा कार्यालयीन शिस्तीचा विषय वाटतो. गावाकडून आलेल्या मुलीच्या दृष्टीने तो स्वातंत्र्याचा विषय आहे.

तीन उपदेश

या तरुणांना राज्यकर्ते आणि त्यांचे विचारवंत तीन उपदेश करीत असतात. तिन्ही तपासून पाहिले पाहिजेत.

पहिला उपदेश असा की, काम आहे, तरुणांत कौशल्य नाही. शिक्षणाचा दर्जा खालावला आहे, हे कोणी नाकारणार नाही. पण तो खालावला कोणी? विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक १९८३ पासून महाराष्ट्रात काढले कोणी? शाळेत शिक्षकाऐवजी 'शिक्षणसेवक' आणला तो २००० साली, आणि प्राथमिक शाळेत त्याला दरमहा तीन हजार रुपये मानधन ठरले ते याच राज्यात. ज्यांनी शिकविणाऱ्याला वेठबिगार केले, त्यांनी शिकणाऱ्याच्या अज्ञानाबद्दल अश्रू ढाळू नयेत. शिवाय कौशल्याचा अभाव हेच बेकारीचे कारण असेल, तर कौशल्य असलेल्यांना तरी भरपूर वेतन मिळावयास हवे होते. वस्तुस्थिती काय आहे? केंद्र शासनाच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत म्हटले आहे की, २०१९-२० ते २०२२-२३ या काळात कंपन्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला, आणि नोकरभरती व वेतन यांची वाढ मात्र त्या मानाने मागेच राहिली. नफा चौपट करण्याइतके कौशल्य कामगारांत होते. त्या नफ्यातील वाटा मागण्याची वेळ आली तेव्हाच ते कमी पडले, असे मानावयाचे काय?

दुसरा उपदेश असा की, नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. ऐकावयास तो भारदस्त वाटतो. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेचा दाखला त्यासाठी दिला जातो. या योजनेच्या सर्वांत खालच्या 'शिशु' गटाच्या कर्जाची मर्यादा पन्नास हजार रुपये आहे, आणि बहुसंख्य कर्जे याच गटातील आहेत. पन्नास हजारांत वडापावची गाडी लागेल किंवा शिवणयंत्र येईल. ते कमी प्रतीचे काम नव्हे. पण त्यातून दुसऱ्याला नोकरी देणारा उद्योजक निर्माण होतो, असे सांगणे ही निव्वळ थट्टा आहे. रस्त्यावर भाजी विकणारा पदवीधर हा स्वयंरोजगाराचा विजय म्हणून मिरविला जातो, आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची अतिक्रमणविरोधी गाडी त्याच उद्योजकाची हातगाडी उचलून नेते.

तिसरा उपदेश असा की, तरुणांना सरकारी नोकरीचा हव्यास आहे. हा हव्यास कशाचा आहे, ते समजून घेतले पाहिजे. महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार, आजारपणाची रजा, भविष्यनिर्वाह निधी, बाळंतपणाची सुट्टी आणि साहेबाच्या लहरीवर न अवलंबणारी उद्याची भाकरी, एवढ्याच गोष्टी शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या घरातील मुलाला सरकारी नोकरीत दिसतात. दलिताच्या आणि आदिवासीच्या मुलाला आणखी एक गोष्ट दिसते: आडनाव विचारून काम नाकारता न येणारी जागा. हा हव्यास नव्हे. श्रमिकांच्या चळवळीने शंभर वर्षे ज्या मागण्यांसाठी लाठ्या खाल्ल्या, त्याच मागण्या ही पिढी एका अर्जाच्या रूपाने करीत आहे. त्या मागण्या खाजगी कारखान्यात आणि दुकानातही पुऱ्या होऊ लागल्या, तर पेठांतील अभ्यासिका आपोआप ओस पडतील.

कामाच्या जागी 'प्रशिक्षण'

उपदेशांनी तरुण शांत होत नाहीत असे दिसले, तेव्हा राज्यकर्त्यांनी नवी युक्ती काढली. काम द्यावयाचे, पण त्याला काम म्हणावयाचे नाही. सैन्यात २०२२ साली 'अग्निपथ' आला; चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच लोकांना कायम ठेवण्याची तरतूद. म्हणजे चौघांपैकी तिघांनी ऐन पंचविशीच्या आसपास पुन्हा नव्या रांगेत उभे राहावयाचे. २०२४ च्या अर्थसंकल्पात पाचशे बड्या कंपन्यांतून पाच वर्षांत एक कोटी तरुणांना दरमहा पाच हजार रुपयांवर प्रशिक्षण देण्याची घोषणा झाली. पहिल्या फेरीत सव्वा लाखाहून अधिक जागा जाहीर झाल्या. प्रत्यक्ष रुजू झालेले तरुण दहा हजारही नव्हते. परगावी पाच हजारांत राहावयाचे कोठे आणि खावयाचे काय, हा हिशेब योजनाकारांना आला नाही, तो तरुणांना आला.

महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. बारावी झालेल्यास सहा हजार, पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने, पुढे ती अकरा महिन्यांवर नेण्यात आली. हे प्रशिक्षणार्थी ग्रामपंचायतींत, शाळांत आणि तहसील कचेऱ्यांत बसले, नोंदी केल्या, दाखले लिहिले, मुलांना शिकविले. म्हणजे काम होते, कामाला माणूसही लागत होता, आणि माणसाने ते काम करूनही दाखविले. मुदत संपताच त्याला सांगण्यात आले की, तुझे प्रशिक्षण पुरे झाले. ज्या खुर्चीवर बसून त्याने प्रशिक्षण घेतले, ती खुर्ची रिकामीच राहिली. या मुलांनी पुढे मोर्चे काढले, उपोषणे केली, तेव्हा त्यांना कृतघ्न ठरविण्यात आले. वास्तविक कृतघ्न कोण? अकरा महिने काम करवून घेऊन ते काम नव्हतेच असे म्हणणारा, की केलेल्या कामाची ओळख मागणारा?

या बाबतीत विरोधी बाकांवरील मंडळींनीही साळसूदपणाचा आव आणू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि तरुणांचा रोष पाहून ऑक्टोबरात तो मागे घेतला. मागे घेताना हे पाप आधीच्या सरकारांचे असल्याचे उपमुख्यमंत्र्यांनी सांगितले, आणि विरोधकांनी ते सत्ताधाऱ्यांचे असल्याचे सांगितले. दोघांचेही म्हणणे खरे होते. कंत्राटीकरणाच्या वाटेवर गेल्या पंचवीस वर्षांतील एकूण एक मंत्रिमंडळाच्या पावलांचे ठसे आहेत.

आणि या कंत्राटीकरणाचा एक परिणाम असा आहे की, जो फारसा बोलला जात नाही. कंत्राटदाराने पुरविलेल्या मनुष्यबळाला राखीव जागांचे बंधन प्रत्यक्षात उरत नाही. राज्यघटनेत एका अक्षराचाही बदल न करता आरक्षण संपविण्याचा हा मार्ग आहे. डॉ. लोहियांनी मागासलेल्यांसाठी शंभरात साठ जागांचा आग्रह धरला, जनता पक्षाच्या राजवटीत मंडल आयोग नेमला गेला आणि १९९० साली त्याच्या शिफारशी अमलात आणण्याचा निर्णय झाला. तो लढा जागांमधील वाट्याचा होता. आता जागाच नाहीशा होत आहेत, आणि शेतीत मोडून पडलेला मराठा तरुण व गावकुसाजवळचा ओबीसी तरुण एकमेकांसमोर उभे केले जात आहेत. रिकाम्या होत चाललेल्या ताटावरून दोन भुकेल्यांची झोंबी लागावी आणि ताट रिकामे करणाऱ्याने पंच म्हणून मध्ये बसावे, असा हा प्रकार आहे. सामाजिक न्यायासाठी आरक्षण टिकलेच पाहिजे. परंतु ते टिकावयाचे असेल तर आधी कायम स्वरूपाच्या जागा टिकल्या पाहिजेत.

रस्त्यावर आलेली पिढी

हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बुझीद या गावी महंमद बुआझिझी या फळविक्रेत्या तरुणाने, पालिकेच्या लोकांनी माल जप्त केल्यावर स्वतःला पेटवून घेतले, आणि महिन्याभरात तेथील तेवीस वर्षांची हुकूमशाही कोसळली. बांगलादेशात सरकारी नोकऱ्यांतील तीस टक्के जागा स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांसाठी राखून ठेवण्याच्या प्रश्नावरून २०२४ च्या जुलैत विद्यार्थी उठले. शेकडो मारले गेले आणि ५ ऑगस्टला शेख हसीना यांना देश सोडावा लागला. केनियात २०२४ च्या जूनमध्ये नव्या करांविरुद्ध तरुण संसदेत घुसले आणि अध्यक्षांना करविधेयक मागे घ्यावे लागले. नेपाळात सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरील बंदीचे निमित्त झाले आणि दोन दिवसांत पंतप्रधान ओली यांचे सरकार गेले. निमित्ते निरनिराळी आहेत. खाली साचलेला दारूगोळा एकच आहे: शिकलेला, फोनवर जग पाहणारा, आणि घरी परतताना हात रिकामे असणारा तरुण.

या उठावांचे कौतुक करणे सोपे आहे. समाजवादी कार्यकर्त्याने त्यापलीकडे जाऊन त्यांचा शेवट पाहिला पाहिजे. ट्युनिशियात दहा वर्षे लोकशाही नांदली, पण रोजगाराचा प्रश्न सुटला नाही. २०२१ साली अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठविली आणि सत्ता आपल्या हाती घेतली, तेव्हा थकलेल्या लोकांपैकी अनेकांनी त्याचे स्वागत केले. इजिप्तमध्ये २०११ ची क्रांती २०१३ साली लष्कराच्या पोटात गेली. भारतातही गुजरातच्या नवनिर्माण आंदोलनाची सुरुवात १९७३ च्या अखेरीस एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील खानावळीच्या दरवाढीतून झाली, १९७४ साली बिहार पेटला, जयप्रकाशांनी त्याला संपूर्ण क्रांतीचे नाव दिले आणि १९७७ साली सत्ताबदलही झाला. पण खेड्यातील जमिनीचे, शाळेचे आणि कामाचे प्रश्न हाती धरून बसणारी संघटना गावोगाव उभी नव्हती, म्हणून सत्ता बदलली आणि समाज फारसा बदलला नाही. संताप सरकारे पाडू शकतो. काम देणारी व्यवस्था उभी करावयाची तर कार्यक्रम लागतो आणि तो वर्षानुवर्षे राबविणारी माणसे लागतात.

महाराष्ट्राने दाखविलेला रस्ता

असा कार्यक्रम परदेशातून आणावयास नको. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्री-पुरुष खडी फोडावयास बसले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळाच्या कसोटीला उतरली. तिच्या मागे डाव्या आणि समाजवादी पक्षांच्या मोर्चांचा रेटा उभा राहिला. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून खेड्यातील मजुराच्या कामाला पैसा उभा करण्यात आला. मागेल त्याला काम, आणि काम न दिल्यास भत्ता, हे तत्त्व एका गरीब देशातील एका राज्याने कायद्यात उतरविले. २००५ साली देशभरासाठी झालेल्या कायद्याच्या मुळाशी हाच अनुभव होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो कायदा बाजूला सारून नवा कायदा केला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले. परंतु ज्या अकुशल मजुरीचा सर्व भार पूर्वी केंद्र उचलीत असे, तिच्या खर्चाचा चाळीस टक्के वाटा बहुतेक राज्यांवर आला, केंद्राने ठरविलेल्या वाटपाची मर्यादा आली आणि शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा आली. हक्काची योजना पुन्हा मेहेरबानीची योजना होण्याचा हा धोका आहे.

म्हणून हमी वाचविण्याचा लढा आणि हमी वाढविण्याचा लढा एकत्रच लढावा लागेल. शहरी रोजगार हमीचे प्रयोग केरळने २०१० साली आणि राजस्थानने २०२२ साली करून पाहिले आहेत. शिकलेल्या तरुणाला खडी फोडावयास लावावे असा याचा अर्थ नव्हे. पाणलोटाची मोजणी, जमिनीच्या नोंदी, कुपोषित बालकांची देखरेख, वृद्धांची शुश्रूषा, वाचनालये, शाळाबाह्य मुलांचे वर्ग, या कामांना महाराष्ट्राच्या चाळीस हजारांहून अधिक खेड्यांत माणसे हवीच आहेत. काम पडून आहे आणि माणूसही पडून आहे. दोघांची गाठ घालून देणारे राज्य तेवढे नाही.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न आता विचारला जाईल. २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणताना वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागेल, असे अर्थमंत्र्यांनी स्वतःच सांगितले होते. तेव्हा पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न कोणी विचारला नाही. कंपन्यांना दिलेल्या सवलतीला गुंतवणूक म्हणावयाचे आणि तरुणांना दिलेल्या वेतनाला खर्च म्हणावयाचे, हा हिशेबनिसाचा नियम नाही. तो वर्गाचा नियम आहे.

दक्षिण कोरियाचे उदाहरण लाभांशवाद्यांना फार प्रिय आहे. त्यांनी ते पुरते सांगावे. तेथे १९५० च्या सुमारास कसणाऱ्याला जमीन देणारी सुधारणा झाली, राज्याने प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेले आणि कोणत्या उद्योगाने काय उत्पादन करावे यात राज्याने कठोरपणे हात घातला. तेथील कामगारांवर झालेली दडपशाही कोणाही समाजवाद्याने मान्य करू नये. परंतु लोकसंख्या तरुण होती म्हणून समृद्धी आपोआप आली, हे तेथेही खरे नव्हते. राज्याने अंग काढून घेतले असते, तर तेथील लाभांशही बंदरात उभा राहून परदेशी जहाजाची वाट पाहत बसला असता. इकडे आपले राज्यकर्ते तीच वाट पाहत आहेत. युद्ध चालू असताना २०२४ च्या जानेवारीत उत्तर प्रदेश आणि हरयाणातून गवंडी व सुतार इस्रायलला धाडण्यासाठी भरती झाली. महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असले पाहिजे. पण तरुण बाहेर पाठविणे हेच रोजगाराचे धोरण ठरत असेल, तर लाभांश कोणाच्या पदरात पडतो, हे निराळे सांगावयास नको.

मागण्या आणि जबाबदारी

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. १ मार्च २०२३ रोजी केंद्र शासनात साडेनऊ लाखांहून अधिक पदे रिक्त होती. राज्याने २०२२ साली ७५ हजार पदे भरण्याची घोषणा केली, ती घोषणाच वर्षानुवर्षे पदे रिकामी ठेवल्याची कबुली होती. ही पदे भरण्याचे वेळापत्रक कायद्याने बांधून घेतले पाहिजे आणि ते चुकल्यास जबाबदारी ठरली पाहिजे. परीक्षाशुल्क रद्द झाले पाहिजे. कायम स्वरूपाचे काम कंत्राटावर किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली करवून घेणे बंद झाले पाहिजे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला आहे, त्याची अंमलबजावणी झाली पाहिजे. घटनेच्या ४१ व्या कलमात मार्गदर्शक तत्त्व म्हणून असलेला कामाचा हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आला पाहिजे. १९८९ साली राष्ट्रीय आघाडीने दिलेले ते वचन अजून पुरे व्हावयाचे आहे.

परंतु मागण्यांची यादी छापून पक्षकार्यालयाच्या भिंतीवर लावल्याने तरुण येणार नाहीत. गेल्या काही वर्षांत भरतीच्या प्रश्नावर जी आंदोलने झाली, त्यांत समाजवादी कार्यकर्ता बहुधा पाठिंब्याचे पत्रक घेऊन तिसऱ्या दिवशी पोहोचला, आणि पहिल्या दिवशी तेथे पोहोचलेला असे तो शिकवणीवर्गाचा मालक किंवा जातीच्या संघटनेचा पुढारी. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी ज्या पिढ्या घडविल्या, त्या संध्याकाळच्या मैदानावर घडल्या. आजच्या तरुणाचे मैदान अभ्यासिकेत आहे, गोदामातल्या पाळीत आहे, घरोघर सामान पोहोचविणाऱ्या दुचाकीवर आहे. कार्यकर्त्याने तेथे गेले पाहिजे. तालुक्याच्या गावी रिक्त पदांची यादी माहिती अधिकारात मागवून ती चौकात लावणे, प्रशिक्षणार्थींना त्यांनी केलेल्या कामाची नोंद ठेवावयास शिकविणे, कंत्राटी कामगाराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी खरोखर भरला जातो काय हे तपासून देणे, गावाकडून आलेल्या मुलींसाठी स्वस्त आणि सुरक्षित वसतिगृहाचा आग्रह नगरपालिकेत धरणे, ही कामे लहान दिसतात. याच कामांतून मराठा, धनगर, दलित, आदिवासी आणि मुसलमान तरुण एका सतरंजीवर येऊन बसतील. व्याख्यानांतून ते येणार नाहीत.

तरुणांना लाभांश म्हणणाऱ्यांना ते आकडे म्हणून हवे आहेत, आणि जातींच्या पुढाऱ्यांना ते झुंडी म्हणून हवे आहेत. त्यांना कामाचे हक्कदार नागरिक मानणारा एक तरी पक्ष या देशात आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी समाजवाद्यांची आहे. ती पार पाडावयास उरलेली मुदत आर्थिक पाहणीनेच सांगून ठेवली आहे. प्रत्येक तालुका समितीने रिक्त पदांच्या यादीपासून सुरुवात करावी, आणि ती याच महिन्यात करावी.